तोडा, चकमक आणि भरवसा

शेवगावच्या नैर्ऋत्येस असलेल्या अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) पेठेवर 8 ऑगस्ट 1803 रोजी वेलस्लीने हल्ला केला. पेठेत शिंद्यांची कवायती पलटण होती आणि अरब शिपाईही होते. पलटणीची बंदूक चकमकीची, अरबांच्या पसंतीची मात्र तोड्याची.

तोड्याची बंदूक स्वस्त आणि जुन्या धाटणीची. मग ती बाळगणाऱ्यांनी ती का सोडली नाही? उत्तर तिच्या रचनेत सापडते. तोडा म्हणजे शोऱ्यात भिजवून वाळवलेली, धुमसणारी दोरी. चाप ओढला की ती रंजकेला, म्हणजे कान्याजवळच्या बारीक दारूला, टेकते. तिला ना गारगोटी लागते, ना कडक कमान. दुरुस्ती गावचा लोहारही करी. चकमकीची ठिणगी मात्र दर वेळी पडेलच असे नसे. 1834 साली इंग्लंडात वुलिच येथे घेतलेल्या चाचणीत अशा बंदुकांचे 6000 पैकी 922 बार फुकट गेले. नव्या टोपीच्या बंदुकांचे फक्त 36.

अर्थात तोडाही निर्दोष नव्हता. तो पावसात विझे, अंधारात शत्रूला दिसे आणि दारूजवळ सतत जळत असे. भरवसा नुसत्या किमतीवरून किंवा नवेपणावरून ठरत नाही. वर्गात तोड्याला 'मागासलेला' म्हणण्यापूर्वी आपण मुलांना 922 आणि 6000 यांचे गुणोत्तर काढायला सांगू या. जवळजवळ दर सातवा बार फुकट, आणि समोर शत्रू! अशा वेळी शिपायाने कोणती बंदूक निवडावी, हे मग मुलेच सांगतील.