न सुटलेल्या गोळीची गोष्ट

नगरचा आणि तोफेचा ऋणानुबंध फार जुना आहे. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, १५४९ साली, रूमीखान या तुर्की ओतकाराने याच शहरात मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली. चौदा फुटांहून अधिक लांब, सुमारे पंचावन्न टन वजनाची, आणि तोंडाशी जबडा वासलेले एक अक्राळविक्राळ श्वापद, ज्याच्या दाढेत बिचारा हत्ती भरडला जात आहे! पुढे ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावर गेली, १६३२ साली मुरारपंडिताने ती तेथून विजापूरला नेली, आणि आजही ती तेथील शेरजा बुरुजावर मुक्काम करून आहे. विजापूरला गेलेल्या प्रवाशाला तेथील वाटाड्या तोफेजवळचे पाण्याचे एक टाके हटकून दाखवितो. बत्ती दिली की गोलंदाजाने त्या टाक्यात बुडी मारावयाची, म्हणजे त्या प्रचंड आवाजाने कानाचे पडदे फाटावयाचे नाहीत, असे तो सांगतो.

वाटाड्यांच्या गोष्टी चिमूटभर मीठ लावूनच चाखाव्यात. पण या गोष्टीत गंमत आहे ती वेगळीच. दख्खनमधील सर्वांत मोठ्या तोफेचा गोलंदाज, आणि आपला गोळा सुटताना तो पाण्याखाली! गोळा कोठे पडला ते दुसऱ्यांनी पाहावयाचे आणि डोके वर काढल्यावर याला सांगावयाचे.

थोड्याफार फरकाने प्रत्येक नेमबाजाची हीच अवस्था असते. आपल्यापैकी कित्येकांनी कॉलेजात असताना एन. सी. सी.च्या खाकी कपड्यांत पालथे पडून पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या असतील. नंतर कागद हाती येतो. चार भोके एकमेकांना चिकटून, आणि पाचवे दूर कोपऱ्यात, पंक्तीतून उठविलेल्या पाहुण्यासारखे! ते तेथे का गेले? श्वास सोडावयाचा राहिला, की चाप हळू दाबण्याऐवजी हिसकला गेला? कागद बोलत नाही. तो केवळ निकाल सांगतो, निकालाचे कारण सांगत नाही.

आपल्याकडे गोळीबाराच्या सरावाला ‘चांदमारी’ हा गोड शब्द आहे. निशाणावरचा गोल टिळा म्हणजे चांद, आणि त्याला मारणे ती चांदमारी. छावणी असलेल्या प्रत्येक गावाला चांदमारीची जागा असे. पलीकडे मातीचा उंच बांध, आणि त्याच्या अलीकडे खंदक. खंदकात बसलेली माणसे निशाण खाली ओढून भोक पाहत आणि काठी किंवा झेंडी दाखवून नेम कसा लागला ते कळवीत. आता पुष्कळ ठिकाणी खंदकातल्या माणसांची जागा विजेच्या निशाणांनी घेतली आहे, आणि गुण क्षणार्धात पडद्यावर उमटतात. परंतु प्रश्न जुनाच राहिला. साऱ्या यंत्रणेचे डोळे निशाणाकडे, आणि नेमबाजाकडे कोणाचेच नाहीत.

हा प्रश्न पहिल्याने ज्याला पडला तो गुरू म्हणजे द्रोणाचार्य. झाडावर कृत्रिम भास पक्षी बसवून त्यांनी एकेका शिष्याला विचारले, ‘तुला काय दिसते?’ युधिष्ठिराला झाड दिसले, पक्षी दिसला, भाऊ दिसले, स्वतः गुरुजीही दिसले. अर्जुनाला दिसले ते पक्ष्याचे डोके. लोककथेने त्याचा डोळा केला. ही गोष्ट आपण लहानपणापासून एकाग्रतेचा पाठ म्हणून ऐकतो, आणि ते खरेच आहे. पण गुरूची अडचण आपल्या ध्यानात येत नाही. शिष्याच्या डोळ्यांत शिरून पाहण्याचे साधन द्रोणाचार्यांजवळ नव्हते. म्हणून त्यांना विचारावे लागले, आणि शिष्य जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागला.

ते साधन मनुष्याने पुढे घडविले. ते घडविताना त्याने बंदुकीचाच साचा वापरला, ही इतिहासाची मौज आहे.

१८६८ च्या ऑगस्टमध्ये खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी गुंटूरला आलेले फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन पुढे १८७४ साली शुक्राचे अधिक्रमण टिपण्यासाठी जपानला गेले. त्यांच्याबरोबर जे यंत्र होते त्याचे नाव ‘छायाचित्री रिव्हॉल्व्हर’. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांची चकती जशी घर घर पुढे सरकते, तशी त्यात छायाचित्राची गोल काच सरके. बहात्तर सेकंदांत अठ्ठेचाळीस चित्रे. या कल्पनेवरून त्यांचेच देशबंधू एत्येन-झ्यूल मारे यांनी १८८२ साली खरोखरीची बंदूक बनविली. तिला दस्ता होता, नळी होती, चाप होता. नळीत मात्र गोळीऐवजी भिंग. ती खांद्याला लावून उडत्या पक्ष्यावर नेम धरावयाचा आणि चाप ओढावयाचा, की सेकंदाला बारा चित्रे. नेपल्सजवळच्या टेकडीवर हे गृहस्थ दिवसभर पक्ष्यांवर बंदूक रोखीत आणि एकही पक्षी न पाडता आनंदाने घरी परतत. तेथल्या लोकांनी त्यांना वेडा ठरविले होते, असे सांगतात! पण पक्षी न मारता त्याचे उड्डाण घरी आणणारी ही बंदूक चलच्चित्राच्या पूर्वजांत मोडते.

आपल्या मुंबईतही हे वारे लवकरच आले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती कॅमेऱ्याने टिपली. खेळाडूचा खेळ पडद्यावर आणण्याचा हा आपल्या देशातला पहिला प्रयत्न एका मराठी माणसाचा, हे अभिमानाने सांगावे. परंतु सावेदादांचा कॅमेरा होता आखाड्याबाहेर, तीन पायांवर उभा. त्याला मल्ल दिसत होते. मल्लाला काय दिसत होते ते त्याला दिसत नव्हते. कुस्तीत एक वेळ त्यावाचून चालेल, कारण तिथला डाव उघड्यावर चालतो. नेमबाजाचा डाव मात्र त्याच्या डोळ्यात आणि बोटात असतो. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो केवळ एक स्तब्ध माणूस.

ती उणीव युद्धाने भरून काढली. पहिल्या महायुद्धात विमानातून मशीनगन चालविणाऱ्यांना शिकविण्यासाठी इंग्लंडमधील थॉर्नटन-पिकार्ड या कॅमेरे बनविणाऱ्या कारखान्याने ‘हाइथ’ नावाचा कॅमेरा काढला. तो हुबेहूब लुईस गनसारखा दिसे. शिकाऊ सैनिक विमानावर नेम धरून चाप ओढी. गोळी सुटत नसे, चित्र निघे, आणि चित्रावर आडव्याउभ्या रेघांची जाळी उमटलेली असे. विमान जाळीच्या मध्यावर नसले तर ‘साहेब, माझा नेम बरोबर होता’ या सबबीला जागाच उरत नसे. शिष्याच्या तोंडी उत्तरावर विसंबण्याची गुरूची लाचारी येथे प्रथम संपली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पंखांतच छोटे कॅमेरे बसले. तोफ सुटली की तेही चालू होत.

आणि येथे आपण फिरून नगरला येतो. पहिल्या महायुद्धानंतर या छावणीत रणगाड्यांचे शिक्षण सुरू झाले, आणि स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही संस्था येथे उभी राहिली. तिच्या रणगाडा-संग्रहालयात जुन्या गाड्या पाहताना मुलांचे डोळे लांबलचक तोफेवर खिळतात. जाणत्याने जरा वर, बुरुजावरच्या लहानशा दर्शक-भिंगाकडे बोट दाखवावे. त्या भिंगातून जेवढे दिसते तेवढेच आतल्या गोलंदाजाचे जग. छावणीबाहेर खारे-कर्जुने गावाच्या आद्याक्षरांवरून ज्याला के. के. रेंज म्हणतात, त्या माळावर हा सराव चालतो. तेथेच २२ सप्टेंबर २०२० रोजी अर्जुन रणगाड्यातून लेसरच्या साह्याने जाणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी झाली. अशा अस्त्राला निशाण दाखविणारा किरण अखेरपर्यंत निशाणावर स्थिर धरावा लागतो. टाक्यात बुडी मारणाऱ्या गोलंदाजापासून नजर हलवू न शकणाऱ्या गोलंदाजापर्यंतचा पावणेपाचशे वर्षांचा हा प्रवास एकाच गावाने पाहिला!

लष्कराच्या त्या माळावर खासगी कॅमेऱ्याला अर्थातच मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. पण ज्या कामासाठी पूर्वी विमानाचा पंख लागे, ते काम आता मुठीत मावणाऱ्या यंत्राने होते. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत मार्क शुल्झ यांनी मोटारसायकलच्या शिरस्त्राणावर व्हिडिओ कॅमेरा बांधला, आणि त्याची तार पाठीवरच्या पिशवीतील यंत्राला जोडून डोंगरातील सायकलस्वारी चित्रित केली. लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या निक वुडमन यांनी २००४ साली मनगटाला बांधावयाचा गोप्रो कॅमेरा बाजारात आणला. आज त्याचे वंशज दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे असतात, आणि क्लबात एअर रायफल चालविणारी शाळकरी मुलगीही तो कपाळावर बांधून आपला सराव टिपू शकते.

मात्र ‘कपाळावर बांधला की झाले’ असे समजणाऱ्याची फजिती ठरलेली. कपाळ म्हणजे डोळा नव्हे. कॅमेरा डोळ्याच्या चार बोटे वर बसतो. त्यामुळे बंदुकीची मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आल्याचे जे दृश्य नेमबाजाला दिसते, ते त्याला कधीच दिसत नाही. त्याला नळी वरून दिसते. म्हणून तो नेम धरणाऱ्या डोळ्याच्या बाजूला, जमेल तितका खाली बांधावा आणि त्याचे तोंड किंचित खाली झुकवावे. पिस्तूलवाल्याचे हे काम सोपे, कारण त्याचा हात समोर ताणलेला असतो. रायफलवाल्याचा गाल दस्त्यावर टेकतो, मान कलते आणि चित्रातली सारी चांदमारी उताराला लागल्यासारखी दिसते. त्यासाठी कॅमेरा आधीच उलट बाजूला तेवढा कलता बसवावा लागतो. पट्टा कानावरच्या संरक्षक टोप्यांखाली जाता कामा नये, चष्मा उचलला जाता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सारे हत्यार हाती घेण्यापूर्वी उरकावे. हत्यार हाती असताना कॅमेरा चाचपण्यासाठी डोक्याकडे हात नेऊ नये. नळीचे तोंड भलतीकडे वळावयास तेवढे निमित्त पुरते. कॅमेरा सुटून पडला तर पडू द्यावा. कॅमेरा दुकानात पुन्हा मिळतो.

एवढ्या खटपटीनंतर हाती काय लागते? गोळी तर दिसत नाहीच. पन्नास मीटरचे अंतर लहान बोअरची गोळी सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शात काटते. सेकंदाला साठ चित्रे घेतली तरी तिच्या वाट्याला नऊ-दहाच येतात. आणि तेथील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. ते कपाळावरच्या कॅमेऱ्यात कोठून उमटणार? दिसतात ते आपले हात. नळी स्थिर व्हावयास लागलेला वेळ, तिचा हेलकावा आणि मग आवाज. आवाज हे मोजणीचे उत्तम साधन आहे. नळी निशाणावर आल्यापासून बार होईपर्यंतची सेकंदे मोजून वहीत मांडली, की चुकार पाचव्या भोकाचे गुपित बहुधा उलगडते. त्या वेळी नेम फार वेळ धरून ठेवलेला असतो. हात थकतो, डोळ्यांपुढे धूसर होते, बंदूक खाली घ्यावी असे आतून वाटते. आणि तरीही, आता इतका वेळ धरलीच आहे तर, या लोभाने बोट दाबले जाते.

डोळ्यांची गोष्ट विज्ञानाने आणखी पुढे नेली. नजर नेमकी कोठे पडते ते टिपणारा, डोक्यावर घालावयाचा कॅमेरा मॅकवर्थ आणि टॉमस यांनी १९६२ साली प्रसिद्ध केला. पुढे १९९० च्या दशकात कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी अशाच साधनांनी खेळाडूंची नजर तपासली. त्यांना आढळले की कृतीपूर्वीच्या अखेरच्या क्षणी तरबेज खेळाडूची नजर लक्ष्यावर अधिक वेळ, न भिरभिरता, टिकून राहते. नवख्याची इकडेतिकडे पळते. याला त्यांनी ‘शांत दृष्टी’ या अर्थाचे नाव दिले. द्रोणाचार्यांच्या प्रश्नाला यंत्राने दिलेले हे उत्तर अर्जुनाच्या उत्तराहून फार निराळे नाही!

या शांत दृष्टीचे मोल महाराष्ट्राने अलीकडे डोळे भरून पाहिले आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतील पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीला लाभलेले हे वैयक्तिक पदक. असे सामने पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. मोठा नेमबाज मधूनच, काहीही न घडता, रायफल खाली घेतो. दोन श्वास घेतो आणि पुन्हा सुरुवातीपासून उभा राहतो. घड्याळ पळत असते, पाहणारे अस्वस्थ होतात, आणि त्याला घाई नसते.

निशाणाच्या कागदावर या कृतीची कसलीही खूण राहत नाही. कागदाला कळते ती सुटलेली गोळी. खंदकातल्या झेंडीला, विजेच्या पडद्याला, हाइथ कॅमेऱ्यालासुद्धा चाप ओढल्यावरच जाग येते. कपाळावरचा हा क्षुद्र कॅमेरा तेवढा अखंड जागा असतो. म्हणून सुटलेल्या गोळीइतकीच न सुटलेली गोळीही त्याच्या वहीत नोंदली जाते. सराव संपल्यावर घरी बसून आपण कितीदा नेम धरला आणि कितीदा तो मोडण्याचे धैर्य दाखविले, एवढे जरी मोजले तरी त्याचे पैसे वसूल झाले. तो चारचौघांना मोठेपणा दाखविण्यासाठी बांधला, तर मात्र बांधणारा बंदूक खाली घेणार नाही. पाहणाऱ्यांना बार हवा असतो!

भास पक्ष्याच्या त्या परीक्षेत बाण एकच सुटला, आणि तो आपण जन्मभर लक्षात ठेवला. पण त्या दिवशी द्रोणाचार्यांनी युधिष्ठिरापासून एकेका शिष्याला, दोरी ताणलेली असताना, धनुष्य खाली ठेवावयास लावले होते. नजर स्थिर नसेल तर बाण सोडू नये, हा पाठ अर्जुनाच्या वाट्याला आलाच नाही. तो त्याच्या भावांना मिळाला. आणि चांदमारीवर पालथे पडणाऱ्या आपल्यासारख्यांना गरज असते ती बहुधा त्याचीच.