नव्या टायरचे पहिले तीनशे किलोमीटर

कशेळ्यातून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे पत्र्याचा आवाज मध्येमध्ये येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय टायर. हसू नका. मागच्या जुलैत याच विषयामुळे माझे हातपाय थंड पडले होते.

माझा चुलतभाऊ ठाण्याला असतो. त्याने सेकंडहँड घेतलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. बुटकी, रुंद, इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांवर. शुक्रवारी त्याने एका दुकानात चारही टायर नवे टाकले आणि शनिवारी सकाळी थेट गावाला आला. "चल, कर्जतपर्यंत चक्कर मारू." मी बसलो. रस्ता नुकताच भिजलेला. एका वळणावर दादाने अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला आणि गाडीचा मागचा भाग सरळ बाहेर गेला. अर्धी गिरकी घेऊन आम्ही साइडपट्टीवर थांबलो. आवणीचे दिवस होते. डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा घेतलेल्या एक आजी आमच्यापासून पाच-सहा हातांवर उभ्या होत्या. भारा तसाच धरून त्या एवढंच म्हणाल्या, "अरं बाबा, जरा हळू."

दादा पांढराफटक. त्याचं पहिलं वाक्य होतं, "अरे, पण टायर तर कालच टाकलेत!"

मंडळी, चूक नेमकी याच वाक्यात होती. ती समजायला जरा मागे जावं लागतं.

कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला कळलं की रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते दोन्ही ऋतूंत टिकतं. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, पण तेव्हा मोटारच नव्हती. घोडागाडीसाठी एवढा खर्च कोण करणार? कल्पना पडून राहिली. मग १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला, आणि या वेळी मात्र तो चालला.

मोटारीला हवेचा टायर लावायला मात्र लोक घाबरत होते. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटर, मिशलॅं बंधूंनी हवेचे टायर लावलेली गाडी उतरवली. वाटेत पंक्चरवर पंक्चर. शर्यत काही जिंकली नाही, पण मोटार हवेवर धावू शकते हे जगाने पाहिलं. म्हणजे शर्यतीची गाडी आणि टायर यांचं नातं पहिल्यापासूनचं आहे. त्याच कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. आज टायरवर जो R दिसतो, तो रेडियलचा. भारतात रेडियल यायला १९७७ उजाडलं.

आता आपल्याकडे या. आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातून बोरघाट चढतो. १८३० मध्ये तिथे गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा वर जाणाऱ्या बैलगाड्यांच्या लाकडी चाकांना लोखंडी धाव असायची. घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची गोष्ट सांगतात, आणि आजही ड्रायव्हर तिथे हात जोडून पुढे जातात. पुढे टायर मुंबईतच बनू लागले. शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता. १९५८ मध्ये भांडुपला सिएट आली. सिएटमधला शेवटचा 'ट' म्हणजे इटलीतलं तुरीन शहर. गंमत म्हणजे फियाटमधला 'ट'ही तुरीनचाच, आणि फियाट गाड्या बनत होत्या भांडुपजवळच, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात.

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर आपल्या सगळ्यांना आठवते ती सचिनची लाल फेरारी. २००२ मध्ये त्याने पोर्ट ऑफ स्पेनला २९ वं कसोटी शतक ठोकलं, ब्रॅडमनची बरोबरी केली, आणि फियाटतर्फे मायकेल शूमाकरने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. आयात शुल्क एक कोटीहून जास्त. ते माफ करण्यावरून केवढा गदारोळ झाला होता! शेवटी ते पैसे फियाटने भरले. बॅटवर तेव्हा स्टिकर होतं एमआरएफचं, म्हणजे टायर कंपनीचंच. ही कंपनी १९४६ मध्ये मद्रासला खेळण्यातले फुगे बनवत सुरू झाली होती.

त्या फेरारीचे पुढचे टायर होते २१५/४५ आणि मागचे २७५/४०, रिम १८ इंची. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या किती टक्के ते. पुढचे-मागचे वेगळे, म्हणून साध्या गाडीसारखी पुढची चाकं मागे अशी अदलाबदल करता येत नाही. बऱ्याच स्पोर्ट्स टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो, तो उलटा बसला तर पाणी कापायची नक्षी उलटी पडते.

दादाच्या गाडीचे बाण बरोबर होते. मग घसरली का?

आम्ही हळूहळू नाक्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे आलो. त्यांनी काही विचारलं नाही. मागच्या टायरवर तळवा फिरवला आणि मला म्हणाले, "हात लाव. मेण लावल्यासारखं लागतंय ना?" खरंच, गुळगुळीत होतं.

गुडइयरने शोधलेली भट्टी इथे परत येते. कच्चा टायर साच्यात घालून उष्णता आणि दाब देतात, तेव्हा रबर पक्कं होतं आणि नक्षी उमटते. पण तो साच्याला चिकटून बसला तर निघणार कसा? म्हणून सुटायला मदत करणारा द्रव वापरतात आणि त्याचा पातळ थर टायरवर राहू शकतो. शिवाय साच्यातून आलेला पृष्ठभाग तुळतुळीत असतो. रस्त्यावर घासून तो खरखरीत झाला की मग खरी पकड येते. नव्या टायरचे ठोकळे पूर्ण उंचीचे असतात, त्यामुळे ते जरा जास्त हलतात आणि स्टिअरिंगही सैल वाटतं.

दुसरी गोष्ट बसवण्याची. टायरची कड, म्हणजे बीड, रिमवर चढवताना साबणासारखं वंगण लावतात. ते वाळायच्या आत जोरात रेस केली किंवा करकचून ब्रेक मारला, तर रिम टायरच्या आतल्या आत सरकू शकते आणि केलेलं बॅलन्सिंग बिघडतं. नटसुद्धा ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्यायचे. बसवून घेताना आणखी एक बघा, टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानातला टायर 'नवा' असला तरी किती महिने पडून होता ते तिथेच कळतं.

काका दादाला म्हणाले, "तीनशे किलोमीटर पोरासारखी सांभाळ. मग पळव." टायर कंपन्याही साधारण तेवढंच सांगतात. जोरात रेस नाही, वळणावर घाई नाही, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर, आणि हवा थंड टायरमध्ये दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे भरायची. हे अंतर कोरड्या रस्त्यावर कापलेलं उत्तम. एकदा वरचा थर गेला की हाच टायर पावसात सगळ्यात चांगला, कारण त्याची नक्षी खोल असते आणि पाणी भराभर बाहेर फेकते. कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. नव्याची त्याच्या कितीतरी पट असते.

रेसवाले तर याबाबत आपल्यापेक्षा जास्त भित्रे. कोरे टायर आधी थोडे घासून, तापवून ठेवतात. फॉर्म्युला वनमध्ये टायरला तापवणारी ब्लँकेट गुंडाळतात. २००५ मध्ये इंडियानापोलिसला सरावात मिशलॅंचे टायर एका उताराच्या वळणावर फुटू लागले. शर्यतीच्या दिवशी त्या टायरवरच्या सगळ्या, म्हणजे १४ गाड्या, एक फेरी मारून पिटमध्ये परत गेल्या. शर्यत उरली सहा गाड्यांची. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, कंपनीची नाचक्की झाली. १८९५ मध्ये पंक्चर काढत काढत धावलेली हीच ती कंपनी. पण या वेळी टायरवर भरवसा नव्हता, तर ते थांबले.

आमच्या रस्त्याला पिट नाही. कठडा नाही, पट्टी नाही, बऱ्याच ठिकाणी चालायला कडही नाही. २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि वेगवान गाड्यांची सवय आपल्याला लागली. त्यातल्याच बऱ्याच गाड्या शनिवार-रविवारी कर्जत-मुरबाड रस्त्यावर येतात. या, आमचं काही म्हणणं नाही. पण एक्सप्रेसवेवर माणसं चालत नाहीत. इथे चालतात. शाळेची पोरं, लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बाया, आवणीवरून परतणारी माणसं. टायर तुमचा कोरा असतो, आणि त्याची परीक्षा त्यांच्यासमोर होते.

दादा त्या दिवशी संध्याकाळी ठाण्याला गेला नाही. रविवारी ऊन पडलं, रस्ता वाळला. त्याने आणि मी मुरबाडपर्यंत जाऊन परत, पुन्हा मुरबाड, पुन्हा परत, असं चाळीस-पन्नासच्या वेगाने दिवसभर केलं. मागचे टेंपोवाले हॉर्न मारून ओव्हरटेक करत होते, स्पोर्ट्स कार बघून हसत होते. संध्याकाळी काकांनी नट तपासले, टायरवर तळवा फिरवला आणि मान हलवली.

जाताना दादाने त्या वळणावर गाडी थांबवली. आजी नव्हत्या. खाचरात रोपं लावून झाली होती.

तर मंडळी, नवे टायर टाकले असतील तर आजच ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा. त्यात तीनशे मिळवा. तोवर हळू. भेटू पुढच्या भागात.