शेअर म्हणजे वाटा

२०१३ चा उन्हाळा मराठवाड्यातला माणूस विसरणार नाही. आदल्या वर्षीच्या पावसानं दगा दिला होता आणि गावोगाव टँकरची वाट पाहिली जात होती. अशाच एका दुपारी निलंग्याच्या बसस्थानकाजवळच्या चहाच्या हॉटेलात आमचे एक निवृत्त गुरुजी हातात जाडजूड लिफाफा घेऊन आले. आत इंग्रजी कागद होते. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तुम्ही बी.ए. झालेले. जरा वाचून सांगा, हे लोक आम्हाला काय विचारतायत?"

मी बी.ए. आहे हे खरं, पण कविता लिहिणाऱ्या माणसाला कंपनीचे कागद वाचता येतात असं कुणी सांगितलं? तरी वाचले. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत त्या टेबलाभोवती जी चर्चा झाली, तिच्या निमित्तानं मला एका गावाचा आणि एका कारखान्याचा इतिहास कळला. तोच आज सांगणार आहे.

कागद विप्रो या कंपनीचे होते. या कंपनीचा जन्म मुंबईत किंवा बंगळुरात नव्हे, तर खानदेशातल्या अमळनेरला झाला. अमळनेर आपल्याला ठाऊक असतं ते साने गुरुजींमुळे, तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरामुळे किंवा २०२४ च्या साहित्य संमेलनामुळे. पण २९ डिसेंबर १९४५ रोजी तिथं 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' या नावाची एक कंपनी नोंदली गेली. संस्थापक होते मोहम्मद हशम प्रेमजी. धान्याच्या व्यापारातलं घराणं. खानदेशात भुईमूग पिकत होता आणि अमळनेरवरून सुरत-भुसावळ रेल्वे जात होती. माल गोळा करायला आणि बाहेर धाडायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? शेंगदाण्याच्या तेलात हायड्रोजन वायू सोडला की ते तुपासारखं घट्ट होतं. तेच वनस्पती तूप. 'सनफ्लॉवर' वनस्पती आणि '७८७' नावाचा धुण्याचा साबण, ही या कारखान्याची सुरुवातीची ओळख.

पुढच्याच वर्षी कंपनीनं शेअर विक्रीला काढले. अमळनेरच्या व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी ते घेतले. दारातला कारखाना, ओळखीचा मालक, आपल्याच शेंगांचं तेल. कागदावर विश्वास ठेवायला एवढं पुरेसं होतं.

आमच्याकडे त्या वेळी काय होतं? निलंगा तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात गेलं आणि १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात. हैदराबादेत १९४३ मध्ये शेअर बाजार निघाला होता खरा, पण त्याची बातमी आमच्या गढीपर्यंत आणि वाड्यापर्यंत कशाला येईल? आमच्या भागातली शिल्लक म्हणजे शेत, सोनं, जनावर आणि फार तर भिशी. कागदाला आम्ही ओळखत होतो तो सावकाराच्या खतामुळे. त्यामुळे कागद म्हटला की भीती.

मग गुरुजींच्या घरात विप्रोचा कागद आला कसा? त्यांच्या सौभाग्यवतींचं माहेर अमळनेरचं. वडील शेंगांचे अडते. त्यांच्याकडे कारखान्याचे दहा शेअर होते. १९७९ साली मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी ते विकून टाकले. लग्नाला पैसा लागतोच. पुढे बऱ्याच वर्षांनी, २०११ च्या भाऊबिजेला, भावानं बहिणीला ओवाळणी म्हणून शंभर शेअर तिच्या नावावर करून दिले. वडिलांनी तिच्यासाठी विकलेल्यातले थोडे तरी परत करावेत, एवढीच त्याची भावना.

आता त्या दहा शेअरचा हिशेब ऐका. गुरुजींनी तो वर्तमानपत्राच्या कडेवर मांडला होता. १९८१ साली एकास एक बोनस, १९८५ साली पुन्हा एकास एक. १९८६ मध्ये शंभराच्या एका शेअरचे दहाचे दहा झाले. १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ साली दर वेळी दुप्पट. १९९७ मध्ये एकावर दोन. १९९९ मध्ये दहाच्या एकाचे दोनाचे पाच. २००४ मध्ये पुन्हा एकावर दोन, २००५ मध्ये एकावर एक, २०१० मध्ये तीनावर दोन. १९८० सालच्या एका शेअरचे २०१० पर्यंत ९६ हजार झाले. म्हणजे दहाचे नऊ लाख साठ हजार! हिशेब मांडून झाल्यावर हॉटेलातले सगळे गप्प झाले. मालकानं न सांगता चहा आणून ठेवला.

पण हा हिशेब मागं वळून पाहणाऱ्याचा आहे. १९६६ मध्ये हशम प्रेमजी अचानक वारले. एकवीस वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट टाकून परत आला. वार्षिक सभेत एका भागधारकानं उठून त्याला सांगितलं, की हा कारभार तुमच्यानं होणार नाही, शेअर विकून मोकळे व्हा. हा प्रसंग आता दंतकथेसारखा सांगितला जातो. त्या भागधारकाला आज लोक हसतात. मला हसू येत नाही. त्याचा पैसा त्यात होता, त्याला शंका आली आणि ती त्यानं मालकाच्या तोंडावर विचारली. ते त्याचं काम होतं. त्या मुलानंही पुढे सांगितलं, की त्या बोलण्यानं माझी जिद्द वाढली.

१९७७ मध्ये कंपनीचं नाव बदलून 'विप्रो प्रॉडक्ट्स' झालं. १९७८ मध्ये आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतातून गेली. संगणकाची जागा रिकामी झाली आणि तेल-साबणाच्या कंपनीनं तिथं पाऊल टाकलं. आणि १९९० मध्ये तिनं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकबरोबर भागीदारी करून बंगळुरात दवाखान्याची यंत्रं बनवणारी, विकणारी कंपनी काढली. सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी स्कॅन, ईसीजी. त्यात जनरल इलेक्ट्रिकचा वाटा ५१ टक्के आणि विप्रोचा ४९.

गुरुजींच्या लिफाफ्यातला प्रश्न इथंच होता. २०१३ मध्ये विप्रोनं घरातल्या घरात वाटणी केली. संगणकाचं काम शेअर बाजारातल्या मूळ कंपनीत राहिलं. साबण, दिवे, यंत्रांचे सुटे भाग आणि या दवाखान्याच्या यंत्रांतला वाटा वेगळा निघून 'विप्रो एंटरप्रायझेस' या नव्या कंपनीत गेला. ही नवी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नव्हती. मूळच्या भागधारकांपुढे तीन पर्याय ठेवले गेले. पाच शेअरमागं नव्या कंपनीचा एक साधा शेअर घ्या. नाहीतर पाचामागं पन्नास रुपये दर्शनी किमतीचा, सात टक्के ठरलेल्या लाभांशाचा एक अग्रहक्काचा शेअर घ्या, तो मुदतीनंतर कंपनी पैसे देऊन परत घेईल. तेही नको असेल तर नव्या कंपनीचे शेअर देऊन त्या बदल्यात जुन्या विप्रोचेच घ्या. दर असा, की नव्याच्या १.६५ शेअरला जुन्याचा एक.

मी हे सांगितलं तेव्हा टेबलाभोवती कुणालाच काही कळलं नाही. मलाही पुरतं कळलं नव्हतं. शेवटी एका शेतकरी मित्रानं ते सोडवलं. तो म्हणाला, "अहो, हे तर आपलंच आहे. पहिलं म्हणजे बटई. पिकलं तर वाटा, नाही पिकलं तर नाही. दुसरं म्हणजे ठोका. पिको न पिको, ठरलेले पैसे घ्यायचे आणि मुदत संपली की शेताशी संबंध नाही. तिसरं म्हणजे माळावरचं रान देऊन रस्त्याकडचं घ्यायचं. थोडं कमी येईल, पण विकायला सोपं." अर्थशास्त्राचं पुस्तक यापेक्षा सोपं कसं करणार?

लगेच दोन तट पडले. दुष्काळात ठोका चांगला, असं एकाचं म्हणणं. बाजारात भाव नसलेला शेअर म्हणजे गिऱ्हाईक नसलेलं जनावर, असं दुसऱ्याचं. गुरुजींचं मन तिसऱ्या पर्यायाकडं. आमचे एक चाचा बांगड्यांचं दुकान चालवतात. त्यांचे स्वतःचे शेअर नव्हते, पण त्यांनी मला वेगळंच विचारलं, "बेटा, यातलं आपल्याला चालेल असं कुठलं?" आमच्यात व्याज वर्ज्य. म्हणून पुष्कळ मुसलमान शेअरच्या वाटेलाच जात नाहीत. मी त्यांना म्हटलं, "चाचा, जाणकार सांगतात की नफ्या-तोट्यातली भागीदारी चालते, ठरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीनं घेणं चालत नाही. म्हणजे बटई चालेल, ठोक्याबद्दल विचारावं लागेल." चाचा म्हणाले, "मग प्रश्न राहिला, शेतात पेरलंय काय?"

या प्रश्नानं चर्चेला वळण लागलं. या शेतात पेरली होती यंत्रं. त्यांतलं एक चांगलं पीक मी वाचलेलं होतं. २००८ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या बंगळुरातल्या अभियंत्यांनी भारतातल्या खेड्यांसाठी एक छोटं, बॅटरीवर चालणारं ईसीजी यंत्र केलं. त्याची छपाईची सोय त्यांनी घेतली ती बसस्थानकावर तिकिटं छापणाऱ्या छोट्या यंत्रावरून! वीज नसलेल्या गावात हृदयाची तपासणी स्वस्तात व्हायला लागली. पुढे हे यंत्र परदेशांतही विकलं गेलं. एसटी स्टँडाशेजारी बसून हे सांगताना मला उगाच अभिमान वाटला.

दुसरं पीक मात्र तसं नाही. सोनोग्राफीचं यंत्र विकणाऱ्या कंपन्या अनेक, ही त्यांतली एक मोठी. या यंत्रानं किती बाळंतपणं सुखरूप झाली त्याची मोजदाद नाही. पण त्याच यंत्रावर पोटातली मुलगी ओळखून ती नाकारलीही गेली. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा याविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. तरी थांबलं नाही. स्वयंसेवी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांकडून कुठल्या दवाखान्याला किती यंत्रं विकली याच्या याद्या मागवल्या गेल्या. २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. नोंदणी नसलेल्या केंद्राला यंत्र विकणंही गुन्हा ठरलं. आणि आकडे काय सांगतात? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७.

दोष यंत्राचा नाही, ते वापरणाऱ्या हातांचा आणि तसं करायला सांगणाऱ्या घरांचा आहे. हे मान्यच. तरीही त्या दुपारी लिफाफ्याचं ओझं वाढलं. आम्ही दोन दिवस भाव, बोनस आणि गिऱ्हाईक यांवर बोलत होतो. शेतात पेरलंय काय, हे पहिल्यांदा विचारलं ते ज्यांचा एकही शेअर नव्हता त्या चाचांनी.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की शेअर गुरुजींचे नव्हतेच. ते त्यांच्या सौभाग्यवतींच्या नावावर होते. सही त्यांची लागणार होती. आम्ही सहा पुरुष हॉटेलात बसून त्यांच्या वाट्याचा फैसला करत होतो. मी गुरुजींना म्हटलं, "वहिनींना विचारलं का?" ते नुसते पाहत राहिले.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मी बटई आणि ठोका समजावला, ईसीजी सांगितला, सोनोग्राफीही सांगितली. नऊ लाख साठ हजारांचा हिशेबही गुरुजींनी न राहवून काढला. वहिनी म्हणाल्या, "ते दहा शेअर विकले नसते तर मी या घरात आले नसते. तो हिशेब बंद करा." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी कारखान्यात वाटा घेतला होता. तो धंदा जिकडं जाईल तिकडं मी. आणि त्या मशीनचं म्हणाल, तर वाटा असला तरच विचारता येतं. विकून टाकल्यावर कोण ऐकणार?" त्यांनी पहिल्या पर्यायावर खूण केली. शंभरामागं वीस शेअर आले. दोघी लेकींची नावं पुढे लावायची, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं.

त्यांचा निर्णय पैशाच्या हिशेबानं बरोबर होता का, हे मी सांगणार नाही. तो माझा विषय नाही. पण शेअर या शब्दाचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. आपल्याकडं वाटा म्हणताना नुसतं धान्य मोजत नाहीत. वाटेकऱ्यानं बांधावर यायचं असतं, पीक पाहायचं असतं, चुकलं तर बोलायचं असतं. वार्षिक सभेत उठून उभा राहिलेला तो भागधारक आणि आमच्या वहिनी, दोघांनीही आपला वाटा तसाच धरला होता.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तुमच्या घरातल्या जुन्या पेटीत, वडिलांच्या किंवा आईच्या कागदांत एखादा शेअरचा कागद निघाला तर तो रद्दीत घालू नका. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर एरवी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, त्यासाठी डीमॅट खातं लागतं. वारसाच्या नावावर करण्याची वाट मात्र खुली आहे. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात, पण अर्ज करून ते परत मागता येतात. आणि कागद कुणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. बाईच्या नावावर असेल, तर हॉटेलात जाण्याआधी तिला विचारा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)