कॅल्शियम (मानवी शरीरातील)

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलोग्रॅम कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेले रक्तात व पेशींत असते, पण स्नायूंचे आकुंचन, चेतासंदेशांचे वहन आणि रक्त साखळणे त्यावाचून होत नाही. १८८३ मध्ये लंडनमध्ये सिडनी रिंगर यांना हृदयाच्या आकुंचनाबाबत हे जवळजवळ चुकूनच उमगले : नळाच्या पाण्यातील लवणद्रावात बेडकाचे हृदय धडधडत राही, ऊर्ध्वपातित पाण्यातील द्रावात मात्र लवकरच थांबे. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता.

रक्तातील प्रमाण दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम राखले जाते. ते घटू लागले की परावटू ग्रंथींच्या हॉर्मोनामुळे हाडांतील साठा मोकळा होतो. त्यामुळे रक्ततपासणी ठीक आली तरी हाडे ठिसूळ झालेली असू शकतात. ड जीवनसत्त्व कमी पडल्यास आतड्यातील शोषण मंदावते; मुलांना मुडदूस होतो.

प्रौढांना रोज सुमारे १,००० मिलिग्रॅम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट, कॅल्शियम असते. मोड आणल्यास ते अधिक शोषले जाते. पालकाची कीर्ती मात्र अवास्तव आहे : त्यातील ऑक्झॅलेट बरेचसे कॅल्शियम बांधून ठेवते.