मागेल त्याला काम : हमी कुणाची, पैसा कुणाचा?

सरकारी निधीचा विषय निघाला की आपल्या समाजात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, पैसा वरून निघतो आणि वाटेतच जिरतो. दुसरे, उरलासुरला गावात आला तरी आपल्या मोहल्ल्यापर्यंत येत नाही. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे आणि त्या खोट्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु याच महाराष्ट्रात एक योजना अशी जन्माला आली की जिच्यात निधीने माणूस निवडायचा नव्हता. माणसाने काम मागितले की निधीला त्याच्यामागे यावे लागत होते. ती म्हणजे रोजगार हमी योजना. तिचा इतिहास आपण नीट वाचलेला नाही, असे आम्हांला वाटते.

या योजनेची भाषा आपल्याला परकी नाही. रोजगार, मजूर, हजेरी, मुकादम, मंजुरी, तहसीलदार हे सारे शब्द फारसी-अरबीतून दख्खनच्या दफ्तरात आले आणि अस्सल मराठी होऊन गेले. उर्दू माध्यमाच्या वर्गात आम्ही हे शब्द फळ्यावर लिहितो तेव्हा मुलांना त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. सांगावी लागते ती या शब्दांमागची कहाणी.

दुष्काळात सरकारने काम काढायचे ही रीत इंग्रजी अमलापासूनची. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये मदतीची कामे निघाली, पण ती देताना सरकारचा हात आखडलेला होता. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी पुरुष मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. नियम आले, पण मूळ गोष्ट बदलली नाही. दुष्काळ आहे की नाही हे सरकार ठरवणार, काम केव्हा उघडायचे आणि केव्हा बंद करायचे हेही सरकारच ठरवणार. उपाशी माणसाने वाट पाहायची.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनिशी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. विकास गट, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक ही रचना त्यातून रुजली. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने, लोकांच्या हाती कारभार दिल्याशिवाय लोक विकासात उतरणार नाहीत, अशा आशयाचा निष्कर्ष काढला. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. निधी मुंबईहून जिल्ह्यात आला, ही मोठी गोष्ट होती. पण विहीर, पंप, खत, सोसायटीचे कर्ज या सगळ्यांसाठी आधी सातबारा लागत होता. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याने काय करायचे? गावातली मुलाणी, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, फकीर यांची घरे डोळ्यांसमोर आणा. पुष्कळांकडे जमीन नव्हती, असली तर तुकडा. परंपरागत धंदा यंत्राने आणि बाजाराने खाल्ला, तो आपल्या पिंजाऱ्यांचा आणि इतर समाजातल्या अनेक कारागिरांचाही. अशा माणसाकडे देण्यासारखे एकच होते, दोन हातांचे बळ.

नेमके हेच वि. स. पागे यांच्या लक्षात आले. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. विचाराने गांधीवादी आणि सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातले. १९६५ मध्ये तासगाव भागातच या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. ज्याला काम हवे त्याला ते मिळेल, आणि त्या कामातून गावाला बांध, तलाव, रस्ता मिळेल, अशी ती साधी कल्पना. पुढे १९७० ते १९७३ चा दुष्काळ आला. बहात्तरचा दुष्काळ म्हणून आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी ज्याची आठवण काढतात, तो हा. लाल मिलो, सुकडी, खडी फोडणारे हात आणि मैलमैल पायपीट. १९७३ च्या उन्हाळ्यात मदतीच्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. त्यांनी कामासाठी, मजुरीसाठी मोर्चे काढले. हमीच्या कायद्यामागे पागे यांची कल्पना होती, तसा या मोर्चांचा रेटाही होता.

पण कल्पना आणि रेटा यांनी मजुरी चुकती होत नाही. त्याला पैसा लागतो. तो आणायचा कुठून? महाराष्ट्राने याचे दिलेले उत्तर आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. १९७५ साली व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवर कर बसवणारा कायदा झाला. पगारदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांच्याकडून थोडी थोडी रक्कम घ्यायची, त्याला विक्रीकर, वाहनकर अशा काही करांवरच्या अधिभाराची जोड द्यायची, जमा झालेल्या रकमेइतकीच रक्कम राज्य सरकारने घालायची आणि हा सगळा पैसा रोजगार हमीच्या स्वतंत्र निधीत ठेवायचा, अशी ही व्यवस्था. या कराचा मोठा भाग अर्थातच मुंबईसारख्या शहरांतून येत होता. म्हणजे शहराने गावाच्या कष्टकऱ्याचे देणे मान्य केले, आणि तेही कायद्याने.

आमच्या पगारपत्रकात व्यवसाय कराचा रकाना असतो. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. हा रकाना कशासाठी सुरू झाला, असे शिक्षकांच्या खोलीत विचारून पाहा. उत्तर क्वचितच मिळते. महाराष्ट्रातला मुस्लिम समाज मोठ्या संख्येने शहरांत राहतो. त्यातले जे नोकरदार आणि व्यावसायिक आहेत, त्यांनीही वर्षानुवर्षे हा कर भरला आहे. तेव्हा या निधीकडे आपण नुसते घेणारे म्हणून पाहण्याचे कारण नाही. आपण देणारेही आहोत. खैरात आणि हक यांतला फरक आपल्या भाषेत लहान मुलालाही कळतो. हा निधी खैरात नव्हता.

१९७७ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा. स्त्री-पुरुषांना एकाच कामाचा एकच दर. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, सातबारा मागायचा नाही. काम करायची तयारी हीच पात्रता. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. काम उघडण्याची किल्ली कायद्याने मजुराच्या हातात दिली.

कायदा चांगला होता म्हणून अंमल चांगला झाला असे नाही. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते उभे राहिले, तशी खोट्या नावांची हजेरीही उभी राहिली. मुकादमाच्या मर्जीवर मोजमाप ठरू लागले. बेकारभत्ता क्वचितच कुणाच्या हाती पडला. १९९० पासून फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली. कोकणात आंबा-काजूच्या बागा वाढल्या, पण त्यासाठी पुन्हा जमीन लागत होती. आणि सर्वांत दुखणारी गोष्ट म्हणजे पुढच्या काळात कराची वसुली वाढत गेली, पण कामांवरचा खर्च तिच्या मागे पडला. मजुरांच्या नावाने गोळा झालेला पैसा मजुरांपर्यंत पोचला नाही.

तरीही कल्पना मेली नाही. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत लागू झाला. १ एप्रिल २००८ पर्यंत तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोचला आणि २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव मिळाले. दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम आणि अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्राचा. तासगावच्या प्रयोगाचा हा देशभर झालेला विस्तार होता. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून पायी परतलेल्या लाखो माणसांना याच कायद्याचा आधार झाला. कारण तो मागणीवर चालत होता. मागणारे वाढले तसा खर्चही वाढवावा लागला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १०० ऐवजी १२५ केले आहेत. पण पैशाची रचना बदलली आहे. बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. प्रत्येक राज्याला वर्षाला किती पैसा द्यायचा हे केंद्र आधी ठरवणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने सोसायचा. पेरणी-काढणीच्या दिवसांत वर्षाला ६० दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. दिवस वाढले याचा आनंद जरूर मानावा. मात्र इतिहासाच्या शिक्षकाला एक प्रश्न विचारणे भाग आहे. रक्कम आधी ठरली आणि मागणी नंतर आली, तर तिला हमी म्हणायचे की वाटप? १९७५ साली महाराष्ट्राने हमीसाठी वेगळा पैसा उभा केला होता. आता राज्याचा वाटा वाढणार असेल तर व्यवसाय कराच्या त्या जुन्या वचनाची आठवण सरकारला आणि आपल्यालाही व्हायला हवी.

आता आपल्या समाजाविषयी. हमीचा सारा इतिहास एका कागदापाशी येऊन थांबतो. काम मागितल्याचा लेखी अर्ज आणि त्याची तारीख घातलेली पोच. पोच नसेल तर पंधरा दिवस कधीपासून मोजायचे? तोंडी मागणी हवेत विरते आणि मग ‘कुणी मागितलेच नाही’ असे सरकारी उत्तर मिळते. गावच्या कडेला राहणाऱ्या आपल्या मजूर कुटुंबांत, विशेषतः दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या आपल्या बहिणींत, हा अर्ज स्वतः लिहू शकणाऱ्या किती असतील? उर्दू ही आमची जबान आहे आणि ती शिकवण्यात आमचे आयुष्य चालले आहे. पण ग्रामपंचायतीचा कागद मराठीत चालतो. उर्दू शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला मराठीत चार ओळींचा अर्ज लिहिता आला नाही, तर त्याच्या आईचा हक्क दुसऱ्याच्या लेखणीवर अवलंबून राहील.

म्हणून आम्ही वर्गात अर्जलेखन घेतो तेव्हा सहलीच्या परवानगीचा किंवा रजेचा अर्ज पुरेसा मानत नाही. कामाची मागणी करणारा अर्जही घेतो आणि शेवटची ओळ फळ्यावर ठळक लिहितो : ‘कृपया तारखेसह पोच द्यावी.’