खर्जाचे मानकरी

पाश्चात्य वाद्यवृंद ऐकावयास बसलेल्या श्रोत्याची दृष्टि प्रथम संचालकाकडे आणि त्याच्या जवळच्या व्हायोलिनवादकांकडे जाते. रंगमंचाच्या मागील अंगास, पुरुषभर उंचीच्या वाद्याला कवटाळून उभ्या असलेल्या मंडळींकडे सहसा कोणाचें लक्ष नसतें. हें वाद्य म्हणजे डबल बेस. आपल्याकडे तंबोऱ्याचा खर्ज मैफलीला जो आधार देतो, त्याच जातीचा आधार हें वाद्य सबंध वृंदाला देतें. फरक एवढाच कीं, येथें खर्ज एका जागीं स्थिर राहत नाहीं. वरच्या स्वरसंवादाबरोबर त्याला पावलोपावलीं जागा बदलावी लागते. तो किंचित् ढळला तर वरची सारी इमारत डळमळते. आणि बरोबर लागला तर तो लागला आहे हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. अशा कामाचें मोल कसें ठरवावयाचें, हा या वादकांच्या इतिहासांतील जुना प्रश्न आहे.

या इतिहासांतील पहिलें मोठें नांव दोमेनिको द्रागोनेत्ती याचें. त्याचा जन्म व्हेनिस शहरीं १७६३ सालीं झाला. बाप हजामतीचा धंदा करी आणि वाद्यवादनहि करी. मुलगा बव्हंशीं स्वतःच्या बुद्धीनें शिकला आणि १७८७ सालीं सेंट मार्कच्या देवालयांतील वृंदांत त्याची नेमणूक झाली. १७९४ सालीं तो लंडनच्या किंग्ज थिएटरमध्यें आला. त्याच सुमारास रॉबर्ट लिंडले हा चेलोवादक तेथें लागला. एकाच मांडणीवरील स्वरलिपि पाहून हे दोघे सुमारें ५२ वर्षें शेजारीं बसून वाजवीत होते. गायक आले आणि गेले, नाटकगृहाचे चालक बदलले. ही जोडी मात्र हालली नाहीं.

१७९९ सालीं द्रागोनेत्तीनें व्हिएन्ना येथें बेथोव्हेनचा चेलोसाठीं लिहिलेला एक सोनाटा आपल्या अवजड वाद्यावर वाजवून दाखविला. पियानोवर स्वतः बेथोव्हेन होता. रचना संपतांच त्यानें वादकाला वाद्यासकट मिठी मारली, असें सांगतात. परंतु द्रागोनेत्ती नुसत्या कौतुकावर संतुष्ट राहणारा नव्हता. १८२५ सालीं लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीनें बेथोव्हेनची नववी सिंफनी बसविली, तेव्हां तिच्या अखेरच्या भागांतील खर्जवाद्यांचें अवघड काम पाहून त्यानें कळविलें कीं, ही स्वरलिपि आधीं दिसली असती तर आपण दुप्पट रक्कम मागितली असती. याला लोभ म्हणून हिणवणें सोपें आहे. पण मागच्या रांगेंतील मनुष्यालाहि आपल्या श्रमाची किंमत सांगण्याचा अधिकार आहे, हें त्यानें त्या काळीं रोखठोक दाखवून दिलें, हें विसरतां येत नाहीं.

१८४५ सालीं बॉन येथें बेथोव्हेनच्या पुतळ्याच्या अनावरणाचा उत्सव झाला. त्यांत ८२ वर्षांच्या या वृद्धानें १३ डबल बेसवादकांचें नेतृत्व केलें. पुढच्याच वर्षीं तो वारला. गास्पारो दा सालो या जुन्या कारागिरानें घडविलेलें आपलें आवडतें वाद्य त्यानें मृत्युपत्रानें सेंट मार्कच्या देवालयाला अर्पण केलें.

त्याच्यामागून प्रसिद्धीस आलेला जोव्हान्नी बोत्तेसिनी हा या वाद्याकडे वळला तो आवडीपेक्षां गरजेनें. १८३५ सालीं मिलानच्या संगीतविद्यालयांत दोनच शिष्यवृत्त्या शिल्लक होत्या. एक बसून या फुंकवाद्याची, दुसरी डबल बेसची. तेरा वर्षांच्या मुलानें दुसरी पत्करली आणि थोड्या आठवड्यांच्या तयारीवर ती मिळविली. पुढें त्याच्या तीनतारी वाद्यांतून व्हायोलिनसारखे कोमल सूर निघूं लागले आणि युरोप थक्क झाला. वेर्दीच्या ‘आईदा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग १८७१ सालीं कैरो येथें झाला, त्याचा संचालक हाच रिकाम्या जागेवर भरती झालेला विद्यार्थी होता.

रशियांत तसेंच घडलें. १८७४ सालीं एका गरीब ज्यू कुटुंबांत जन्मलेला सर्गेई कुसेव्हित्स्की मॉस्कोला शिकावयास गेला, तेव्हां ज्या थोड्या वाद्यांसाठीं शिष्यवृत्त्या होत्या त्यांपैकीं डबल बेस हें एक होतें. तो बोल्शोई थिएटरच्या वृंदांत शिरला आणि तेथील प्रमुख वादक झाला. १९०५ सालीं नोकरी सोडतांना त्यानें वृत्तपत्रांतून त्या वृंदांतील वादकांच्या हलाखीवर जाहीर टीका केली. १९२४ पासून १९४९ पर्यंत तो अमेरिकेंतील बोस्टन वृंदाचा संचालक होता. तेथील मोठ्या वृंदांपैकीं वादकांच्या कामगारसंघाबाहेर राहिलेला हा शेवटचा वृंद १९४२ सालीं संघांत सामील झाला, तो त्याच्याच कारकीर्दींत. ज्यानें मॉस्कोमध्यें वादकांची बाजू मांडली, त्यालाच बोस्टनमध्यें चालकाच्या जागेवरून हा प्रश्न पाहावा लागला.

कुसेव्हित्स्कीच्या मृत्यूनंतर, १९६२ सालीं, त्याची पत्नी ओल्गा हिनें त्याचें वाद्य गॅरी कार या तरुण अमेरिकन वादकाच्या स्वाधीन केलें. १९६७ सालीं कारनें डबल बेसवादकांची एक संस्था स्थापिली. तीच पुढें त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, आणि कालांतरानें कारनें तें वाद्यहि तिलाच देऊन टाकलें. गज कोणी पालथ्या हातानें धरावा कीं उताण्या हातानें, यावर या मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या वाद आहेत. तरीहि एकानें दुसऱ्याला धरून राहण्याची रीत त्यांनीं सोडलेली नाहीं.

या साऱ्या चरित्रांत एक सूत्र दिसतें. वैभवाच्या आशेनें हें वाद्य घेणारे थोडे. शिष्यवृत्ति रिकामी होती म्हणून आलेले पुष्कळ. परंतु रिकाम्या जागेवर आलेल्या या माणसांनींच त्या जागेला प्रतिष्ठा आणली, आणि आपल्या हातचें वाद्य पुढच्या हातीं सोंपविलें. ज्याच्या सुरावर इतर सर्वांचे सूर उभे राहतात, त्याला जमाखर्चाच्या वहींतहि योग्य जागा मिळाली पाहिजे, ही त्यांची मागणी संगीताइतकीच न्यायाची आहे.