इस्पितळाची वाट

रुग्णालयांचा इतिहास लिहावयाचा म्हणजे दात्यांची नावे, कोनशिलांच्या तारखा आणि नामांकित शस्त्रवैद्यांची चरित्रे एकत्र करावयाची, असा प्रघात आमच्याकडे पडून गेला आहे. रोगी आपल्या घरापासून त्या दरवाजापर्यंत कसा येऊन पोहोचला, हे मात्र या इतिहासात सहसा आढळत नाही. वस्तुतः औषध मिळणे न मिळणे हे पुष्कळदा वैद्याच्या ज्ञानापेक्षा या वाटेवरच ठरत आले आहे. मुंबई शहरापुरती ही वाट तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्याने भायखळ्यास उभ्या राहिलेल्या इस्पितळाची कोनशिला १८४३ साली बसली आणि १८४५ साली ते ग्रँट वैद्यक महाविद्यालयासह सुरू झाले. त्या काळी मुंबईत आगगाडी नव्हती, ट्राम नव्हती. श्रीमंताचा रोगी पालखीतून वा घोडागाडीतून येई. पण श्रीमंत इस्पितळात येतच नसे, वैद्य त्याच्या घरी जात. येत तो निराधार मनुष्य, आणि तो खाटेवर, घोंगडीच्या झोळीत किंवा सोबत्याच्या पाठीवर येई. कोकणातला चाकरमानी आजारी पडला तर त्याचे गाव समुद्रापलीकडे आणि इस्पितळ हाकेच्या अंतरावर, अशी स्थिती असूनही त्याचा ओढा गावाकडे असे. मरावयाचे तर आपल्या माणसांत, ही त्यामागची भावना; तीस केवळ अज्ञान म्हणून हिणवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग पार झाला, तेव्हा देशावरच्या रोग्यास मुंबई जवळ आली. १८७४ साली घोड्यांची ट्राम कुलाब्याहून पायधुणीपर्यंत येऊ लागली, आणि १९०७ साली विजेची ट्राम आली. वाहने वाढली, अंतर घटले. पण वाट सुगम झाली म्हणजे मन तयार झाले असे नव्हे. ही गोष्ट प्लेगाने जितकी उघडी केली तितकी दुसऱ्या कशानेही केली नसेल.

१८९६ च्या सप्टेंबरात मूळच्या गोमंतकीय असलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. ऑक्टोबरात रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम निघाला, आणि इतके दिवस जी वाट रोगी आपण होऊन चालत असे तिच्यावरून त्याला शिपाई नेऊ लागले. घराची झडती व्हावयाची, घरच्यांनी रडत दाराशी उभे राहावयाचे, आणि गाडीत घातलेला मनुष्य पुन्हा दिसेल की नाही याचा भरवसा नसावयाचा. इस्पितळात माणसांच्या अंगातून मोमियाई काढतात, अशी वदंता शहरभर पसरली. आर्थर रोडच्या इस्पितळावर त्याच महिन्यात गिरणीकामगारांचा मोठा जमाव चालून गेला. लोक रोगी माळ्यावर व अडगळीत लपवीत, आणि १८९७ च्या आरंभापर्यंत शहरातील निम्म्याच्या आसपास लोक पळून गेले. इस्पितळाच्या वाटेपेक्षा बोरीबंदरची वाट त्यांस अधिक सुरक्षित वाटली. सरकारास पुढे थोडे नमते घ्यावे लागले. निरनिराळ्या जातीजमातींना स्वतःची प्लेग इस्पितळे काढण्याची मुभा मिळाली, आणि आपल्या माणसांनी चालविलेल्या, आपल्या हातचे अन्न मिळणाऱ्या जागी तेच लोक जाऊ लागले. जातिभेदाचे हे एक दर्शन आहे खरे. पण रोग्यास बळाने न्यावयाचे नसते, त्याचा विश्वास आधी न्यावा लागतो, हेही त्यातूनच सिद्ध झाले.

याच साथीत पुण्याकडे निराळाच प्रकार घडत होता. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. मुंढव्याकडील एका अस्पृश्य घरातील मुलास प्लेग झाल्याचे कळताच वाहनाची वाट न पाहता सावित्रीबाईंनी त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. त्यातच त्यांना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एकीकडे शिपायांची गाडी आणि एकीकडे ही पाठ! दोन्ही इस्पितळाकडेच जात होत्या.

स्त्रियांची गोष्ट आणखी निराळी. पुरुष डॉक्टरासमोर जाण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे बरे, असे मानणाऱ्या घरांतील स्त्रीस उंबरठा हेच मोठे अंतर होते. १८८६ साली उघडलेल्या कामा इस्पितळाने, स्त्रियाच स्त्रियांना तपासतील या व्यवस्थेने, ते अंतर तोडले. डॉ. एडिथ पेची यांचे नाव या कामी विसरता येणार नाही.

रोग्याबरोबर येणाऱ्या माणसाची चिंता मात्र फार उशिरा सुरू झाली. आमच्याकडे रोगी एकटा येत नाही. त्याच्यामागे आई, भाऊ, गावचा एखादा जाणता असे माणूस येतेच, आणि रात्र पडली की त्याला पदपथाखेरीज ठाव नसतो. गाडगे महाराजांनी ही अडचण ओळखली. जे. जे. इस्पितळातील रोग्यांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी १९५४ साली धर्मशाळा उभारली. दोनच वर्षांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांची प्रकृती बिघडल्यामुळे त्यांना अमरावतीस नेत असता वलगावजवळ वाटेतच त्यांचे देहावसान झाले.

परळची वाट ही या शतकातील मुख्य वाट म्हणावी लागेल. १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. इस्पितळ आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यक महाविद्यालय यांत अध्यापक हिंदीच असावेत, अशी दात्यांच्या विश्वस्तांची अट होती. १९४१ साली शेजारीच टाटा स्मारक इस्पितळ निघाले, आणि कर्करोगाचे रोगी भारताच्या कानाकोपऱ्यांतून येथे येऊ लागले. हातात क्ष-किरण चित्रांचे पाकीट आणि डब्याची पिशवी घेतलेली माणसे परळ व एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांवर उतरत. स्थानके गिरण्यांच्या काळची. गिरण्या गेल्या, कचेऱ्या आल्या, गर्दी अनेक पटींनी वाढली, आणि पादचारी पूल तेवढाच अरुंद राहिला.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस आला म्हणून लोक पुलाच्या जिन्यावर थबकले. मागून लोंढे येत राहिले, आणि चेंगराचेंगरीत तेवीस जण प्राणास मुकले. जखमींना के. ई. एम. मध्ये नेण्यात आले. पायी काही मिनिटांची वाट ती. इस्पितळ जवळ आहे म्हणून ज्या स्थानकांवर उतरावयाचे त्याच स्थानकांवर ही माणसे गेली. त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांनी नवा पूल बांधला व तो २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले. परंतु गावाकडून नव्याने येणारा मनुष्य स्थानकाचे नाव विचारीत नाही, टाटाला कोठे उतरावे, एवढेच विचारतो, आणि डब्यातले चारजण त्याला एकदम सांगतात.